सुगी होईपर्यंत थांबू का?

सदर : घरचे कागद

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. म्हण काही खोटी नाही. पण ही म्हण घरात कोण कुणाला ऐकवतं, हे कधी नीट पाहिलंत का? बहुतेक वेळा ज्याच्या ताब्यात जमीन आली आहे तो, जिच्या हातून ती गेली आहे तिला ऐकवतो. आणि ती बिचारी "खरंच आहे, घराण्याची अब्रू" असं म्हणून गप्प बसते.

या सदरात आपण आजवर रेशनकार्ड, पासबुकावरचं वारसाचं नाव, विम्याचे कागद असे विषय घेतले. हल्ली मात्र पत्रांमधून शेताच्या ताब्याबद्दल फार विचारणा होते. त्यातलंच एक पत्र आज घेते. मोहोळ तालुक्यात सासर असलेल्या आणि मुलांच्या शाळेसाठी सोलापुरात खोली घेऊन राहणाऱ्या एका भगिनीचं आहे. यजमान तीन वर्षांपूर्वी वारले. भावाभावांची वाटणी त्यांच्या हयातीतच झाली होती, सात-बारा वेगळा झाला होता. आता त्यावर हिचं आणि दोन लहान मुलांचं नाव आहे. अडीच एकर काळी जमीन. गडी लावून ती स्वतः करवून घेत होती. यंदा परतीचा पाऊस लांबला म्हणून पेरणी दसऱ्यानंतर करायची ठरलं, आणि ८ ऑक्टोबरला गड्याचा निरोप आला की मोठ्या दिरांनी मधला बांध मोडून दोन्ही शेतांत एकदमच ज्वारी पेरली. ती तशीच गावी गेली. सासरे म्हणाले, "आता पेरलंय ते उपटायचं का? सुगी होऊ दे. अक्षय्य तृतीयेला सगळे गावी जमतील, तेव्हा बसून मिटवू."

पत्राच्या शेवटी तिने विचारलंय, "घरातलं भांडण चावडीवर न्यावं असं मलाही वाटत नाही. सुगी होईपर्यंत थांबू का?"

ताई, आधी उत्तर देते, कारणं मग सांगते. बोलणी चालू राहू द्या. पण अर्ज मात्र ८ एप्रिलच्या पुष्कळ आधी, जमलं तर याच महिन्यात, देऊन टाका.

सहा महिन्यांचं दार

आपल्या कायद्यात एक फार चांगली सोय आहे. कुणी तुम्हाला कायद्याची वाट सोडून, दांडगाईने जमिनीवरून काढलं, तर जमीन मुळात कुणाची या मोठ्या प्रश्नात न शिरता आधी तुमचा ताबा तुम्हाला परत देता येतो. मालकीचं भांडण मग सावकाश चालू दे. यासाठी दोन दारं आहेत.

पहिलं दार तहसीलदारांचं. मामलेदार कोर्ट कायदा हा १९०६ सालचा, आपल्या जुन्या मुंबई इलाख्यातला, आणि आजही चालू आहे. शेतजमिनीवरून बेकायदा काढलं असेल, शेताची वाट किंवा पाणी अडवलं असेल, तर तहसीलदारांकडे या कायद्याखाली दावा लावता येतो. ते मुख्यतः दोनच गोष्टी पाहतात. गेल्या सहा महिन्यांत ताबा तुमच्याकडे होता का, आणि तो कायदेशीर मार्गाशिवाय काढून घेतला का. त्यांच्या निकालावर अपील नाही. जिल्हाधिकाऱ्यांकडे फेरतपासणी मागता येते, आणि पुढे कुणाला दाद मागायचीच असेल तर दिवाणी कोर्ट आहेच.

दुसरं दार दिवाणी कोर्टाचं. विनिर्दिष्ट अनुतोष कायदा, १९६३ याचं कलम ६. तिथेही तोच विचार. मालक कोण हे न पाहता, हुसकावलेल्याला आधी परत बसवायचं. या निकालावरही अपील नाही. सरकारविरुद्ध मात्र हे कलम चालत नाही.

दोन्ही दारांवर पाटी एकच आहे : सहा महिने.

आता आपल्या भागातली शेती डोळ्यांसमोर आणा. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायची, मग मळणी. म्हणजे पेरणीच्या वेळी ज्याने बांध मोडला, त्याच्याबद्दल "सुगी होऊ दे, मग बघू" म्हणायचं, की सहा महिने जवळजवळ गेलेच म्हणून समजा. सासरे मुद्दाम तसं म्हणाले असं मी म्हणत नाही. वडीलधारे कितीदा खऱ्या मायेनेच बोलतात. पण कायद्याच्या घड्याळाला माया नसते. अक्षय्य तृतीया ८ एप्रिलच्या नंतर येते. बैठक बसेल, चहा होईल, आणि दिरांनी तेव्हा "जमीन माझीच" म्हटलं तर या ताईंच्या हातातलं सोपं दार तोवर बंद झालेलं असेल.

इथे एक गैरसमज दूर करते. "उशीर झाला तर कोर्ट माफ करतं" असं सर्रास सांगतात. अपील किंवा एखादा अर्ज उशिरा दिला, तर सबळ कारण दाखवून उशीर माफ करून घेता येतो. पण मुळात दावाच मुदतीनंतर लावला, तर "घरात बोलणी चालली होती" हे कारण चालत नाही.

सहा महिने गेले म्हणजे सगळं संपलं असंही नाही. मालकीच्या आधारावर ताबा मागण्याचा दावा बारा वर्षांपर्यंत लावता येतो. पण मग मालकी सिद्ध करावी लागते. वाटणीचा कागद, फेरफार, साक्षीदार, मोजणी, सगळं आलं. चार-सहा महिन्यांच्या कामाचं पंधरा वर्षांचं काम होतं. तोवर मुलं कॉलेजातून बाहेर पडलेली असतात.

दावा कशावर अडतो?

जमिनीचे खटले "जमीन कुणाची" या प्रश्नावर जितके रेंगाळत नाहीत, तितके "दावा नीट लावला का" या प्रश्नावर रेंगाळतात. म्हणून अडण्याच्या जागा सांगते. वकील सगळं पाहतीलच, पण आपल्याला माहीत असलं की आपण विचारू तरी शकतो.

कुठे लावला? जमिनीचा दावा जमीन जिथे आहे तिथल्याच कोर्टात लावायचा असतो. सोलापुरात कितीतरी जणींचं माहेर इंडी किंवा अफझलपूरकडचं आहे. माहेरच्या शेतातला वाटा मागायचा तर कर्नाटकातल्या कोर्टातच जावं लागेल, आपण इथे राहतो म्हणून सोलापुरात चालणार नाही. जमीन दोन्हीकडे असेल, तर मात्र कुठल्याही एका ठिकाणी सगळ्याचा दावा लावता येतो.

कुणावर लावला? वाटणीचा दावा असेल, तर सगळे वाटेकरी त्यात यायला हवेत. एक बहीण जरी सुटली, तरी समोरचा तेवढाच मुद्दा धरून बसतो. मुलं अज्ञान असतील तर त्यांच्या नावापुढे "अ.पा.क. आई" असं लिहावं लागतं. म्हणजे अज्ञान पालनकर्ती. या ताईंच्या दाव्यात दोन्ही मुलांची नावं तशीच घ्यावी लागतील.

काय मागितलं? ही फार मोठी अडचण. ताबा आपल्याकडे आहे आणि कुणी त्रास देतोय, तर मनाई हुकूम मागायचा. ताबा गेलाच असेल, तर नुसती मनाई मागून उपयोग नाही, ताबाच मागावा लागतो. आणि मालकीवरच गंभीर शंका उभी केली असेल, तर मालकी ठरवून मागावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये अनाथुला सुधाकर खटल्यात हे पायरीपायरीने उकलून सांगितलं आहे. ताबा गेलेला असताना कितीतरी जणी "निदान मनाई तरी मिळू दे" म्हणून दावा लावतात, आणि काही वर्षांनी तो एवढ्याच कारणाने फेटाळला जातो.

जमिनीचं वर्णन बरोबर आहे का? गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा. पूर्वेला कुणाचं शेत, पश्चिमेला ओढा की वाट. यात चूक झाली की पुढे दुरुस्तीचा अर्ज, त्याला हरकत, त्यावर युक्तिवाद, आणि हरकत फेटाळली तर वरच्या कोर्टात तिची फिर्याद. बांध मोडल्याच्या प्रकरणात मोजणी जवळजवळ अटळच. भूमी अभिलेख खात्याचा मोजणीदार कोर्ट कमिशनर म्हणून येतो. त्या दिवशी आपण शेतावर हजर पाहिजे.

कोण हजर, कोण गैरहजर? प्रतिवादीने समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत कैफियत द्यायची, फार तर नव्वद. आपण वादी असून तारखेला आपण नाही आणि वकीलही नाहीत, तर दावा काढून टाकला जाऊ शकतो. तो परत घ्यावा म्हणून तीस दिवसांत अर्ज करावा लागतो.

आणि कोण वारलं? लांबलेल्या दाव्यात हे होतंच. वादी किंवा प्रतिवादी वारला, की नव्वद दिवसांत त्याचे वारस रेकॉर्डवर आणावे लागतात. नाही आणले, तर त्या माणसापुरता दावा आपोआप रद्द होतो, आणि तो उठवायला पुढे साठच दिवस असतात. घरात सुतक, रडारड, तेराव्याची धावपळ. अशा वेळी वकिलांना कळवायचं कुणाच्या लक्षात राहतं? म्हणून सांगते, मृत्यूचा दाखला आणला की त्याची एक नक्कल त्याच आठवड्यात वकिलांकडे पोचवावी.

आपल्या महाराष्ट्राची एक खास अडचण

"कार्यपद्धतीचं भांडण" म्हणजे काय, याचं एक मोठं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेत महाराष्ट्राने आपल्यापुरतं कलम ९-अ घातलं होतं. मनाई हुकूम मागितला आणि समोरच्याने "या कोर्टाला हा दावा चालवण्याचा अधिकारच नाही" अशी हरकत घेतली, तर आधी त्या हरकतीचाच निकाल लावायचा. हेतू चांगला होता. उगाच भलत्या कोर्टातून मनाई मिळवू नये. पण झालं असं, की हरकत घेणं हीच एक युक्ती झाली. मूळ दावा बाजूला, आणि हरकतीवर साक्षीपुरावे, त्यावर वरच्या कोर्टात धाव. मग प्रश्न निघाला, की "दावा मुदतीत नाही" ही हरकत अधिकाराची म्हणायची का? २०१५ या एकाच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांतून दोन वेगळी उत्तरं आली. शेवटी राज्याने २०१८ मध्ये ते कलमच काढून टाकलं, आणि २०१९ मध्ये नसली वाडिया खटल्यात तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की मुदतीचा प्रश्न या कलमाखालच्या अधिकाराच्या प्रश्नात येत नाही. इतकी वर्षं किती जणांच्या जमिनी या एका शब्दाच्या अर्थावर ताटकळल्या असतील, त्याचा विचार करा.

प्रतिवादी म्हणजे आरोपी नव्हे

आणखी एक पत्र थोडक्यात घेते. अक्कलकोट रोडच्या एका भगिनीला माहेरच्या वाटणीच्या दाव्यात समन्स आलं. "प्रतिवादी क्रमांक ४" असं नाव पाहून तिला घाम फुटला. भाऊ आला आणि म्हणाला, "काही नाही गं, वकील आपलाच आहे, इथे सही कर."

अशी सही करू नका. वाटणीच्या दाव्यात बहिणीला प्रतिवादी केलं, म्हणजे तिने गुन्हा केला असं नाही. सगळे वाटेकरी यायलाच हवेत म्हणून तिचं नाव येतं. उलट प्रतिवादी असूनही ती आपला वाटा त्याच दाव्यात मागू शकते. पण भावाच्या वकिलाच्या वकीलपत्रावर, किंवा "मला वाटा नको" अशा पुरशिसीवर न वाचता सही केली, तर पुढे ती निस्तरणं फार अवघड.

सांगलीच्या हिराबाई मगदूम यांचा खटला कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो. आपल्यालाही ठाऊक हवा. यजमान १९६० साली वारले. मागे पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. १९६२ मध्ये हिराबाईंनी सांगलीच्या कोर्टात वाटणीचा आणि स्वतंत्र ताब्याचा दावा लावला. दुसरा मुलगा आणि तिन्ही मुली कागदावर प्रतिवादीच होत्या, पण त्यांनी आईचं म्हणणं मान्य केलं. लढला तो एकटा गुरुपाद. खालच्या कोर्टाने हिराबाईंना चोविसावा हिस्सा दिला. त्यांचं म्हणणं होतं सात-चोविसांशाचं.

शाळेत गणित शिकवते म्हणून फळ्यावर मांडल्यासारखं सांगते. यजमान वारण्याच्या क्षणी वाटणी झाली असं धरायचं. नवरा, बायको, दोन मुलगे, चौघांना प्रत्येकी पाव. मग नवऱ्याच्या पाव हिश्श्याचे सहा वारसांत सहा भाग. म्हणजे प्रत्येकी चोविसावा. बायकोचा स्वतःचा पाव, म्हणजे सहा-चोविसांश, अधिक एक-चोविसांश. झाले सात. मुंबई उच्च न्यायालयाने १९७५ मध्ये हे मान्य केलं आणि सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल १९७८ रोजी त्यावर शिक्कामोर्तब केलं. सोळा वर्षं लागली, पण त्या निकालाने देशभरच्या विधवांचा हिस्सा मोजायची रीत ठरली. आज हे गणित थोडं बदलेल. २००५ च्या दुरुस्तीने मुलींनाही जन्मतः वाटा मिळाला, आणि २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असण्याची गरज नाही.

हुकूमनामा म्हणजे ताबा नव्हे

निकाल आपल्या बाजूने लागला, पेढे वाटले, तरी शेत अजून दुसऱ्याच्याच नांगराखाली असू शकतं. त्यासाठी दरखास्त लावावी लागते. मग कोर्टाचा बेलिफ ताबा देतो. सारा लागू असलेल्या शेतजमिनीची वाटणी असेल, तर कोर्ट हिस्से ठरवतं आणि प्रत्यक्ष वाटणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. १८७२ मध्येच प्रिव्ही कौन्सिलने म्हटलं होतं की इथल्या पक्षकाराचे हाल हुकूमनामा मिळाल्यावरच सुरू होतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढा असं बजावलं. तरी २०२५ मध्ये देशभरचा हिशेब मागवला तेव्हा आठ लाखांहून अधिक दरखास्ती पडून असल्याचं दिसलं. दरखास्तीलाही बारा वर्षांची मुदत आहे, हे विसरू नका.

पिशवीत काय ठेवायचं?

आपण शाळेचं प्रगतिपुस्तक आणि दवाखान्याची फाईल जपतो, तशी एक कापडी पिशवी जमिनीची करा. तीत सात-बारा, आठ-अ, फेरफाराच्या नकला, वाटणीचा कागद, मृत्यूचा दाखला. सात-बारावर नाव असलं म्हणजे मालकी पक्की झाली असं नाही, पण उलट सिद्ध होईपर्यंत ती नोंद खरी धरतात. २०२१ पासून पिकाची नोंद मोबाईलवरून स्वतः करता येते. ई-पीक पाहणीत दरवर्षी आपलं पीक आपणच नोंदवा. गड्याला दिलेली मजुरी, बियाणं-खताच्या पावत्या, सगळं ठेवा. ताबा आपला होता, हे पुढे हेच कागद बोलतील.

आणि एक वही. कोणत्या दिवशी काय घडलं, कोण हजर होतं, कोण काय बोललं. वर्गाच्या हजेरीपटासारखी, त्याच दिवशी लिहायची. या ताईंनी आज पहिली ओळ लिहावी ती "८ ऑक्टोबर" अशी. पोलिसांकडे गेलात आणि त्यांनी "हा दिवाणी वाद आहे" म्हणून परत पाठवलं, तरी लेखी तक्रार देऊन पोच घ्या. तेवढीच तारखेची साक्ष.

पैशांची काळजी असेल त्यांना दोन गोष्टी सांगते. राज्य सरकारच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने मालमत्तेच्या वादात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. आपल्या दाव्याला ती कशी लागू होते ते वकिलांना आधीच विचारा. दुसरं, विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. तिथे जाऊन साधा अर्ज करायचा.

शेवटी पुन्हा घराच्या अब्रूकडे येते, कारण खरी अडचण तीच आहे. दावा लावला म्हणजे नातं तोडलं असं कशाला समजायचं? लावलेला दावा लोकअदालतीत मिटवता येतो, त्या तडजोडीला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं वजन असतं, आणि त्यावर अपीलही नसतं. अक्षय्य तृतीयेची बैठक जरूर घ्या. सासऱ्यांना सांगा, "मामंजी, तुम्ही मिटवाल यावर माझा विश्वास आहे, पण मुलांच्या हक्काची तारीख मला चुकवता येत नाही." त्या बैठकीत मुदत गेलेली सून बसली, तर तिला जे देतील ते घ्यावं लागेल. अर्जाची पोच पदराला बांधून बसली, तर बोलणी बरोबरीची होतील. आणि मैत्रिणींनो, तडजोडीही बरोबरीच्या असल्या तरच टिकतात.

पुढच्या वेळी राखीपौर्णिमेला किंवा लग्नकार्यात हळूच पुढे सरकवल्या जाणाऱ्या हक्कसोड पत्राबद्दल लिहीन. तोवर पिशवी शिवून ठेवा.